तिसऱ्या अंकातलं हसू

भागाजीमामा माणसांवर पडदा टाकत.

म्हणजे तुम्ही बोलत असता. बोलणं लांबतं. समोर उकिडवे बसलेले मामा सावकाश उभे राहतात, दोन्ही हात डोक्यावर नेतात, हवेतला न दिसणारा दोर मुठीत धरतात आणि पोटापर्यंत खेचून आणतात. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या खेचीला म्हणतात, "पडला." मग ते तुमच्याकडे पाहतही नाहीत. तुमचा अंक संपलेला असतो.

अंबडच्या कोर्टासमोर चहा पिता पिता त्यांनी एका वकिलावर पडदा टाकला होता. मतं मागायला वस्तीत आलेल्या पुढाऱ्यावर त्याच्या हारासकट टाकला. एका मयतीत तर मेलेल्याचे गुण सांगत रडणाऱ्या त्याच्या सख्ख्या भावावर टाकला. हा भाऊ मेलेल्याशी बांधावरून बारा वर्षं बोलला नव्हता. लोक मयतीत हसले, आणि मग हसल्याबद्दल मामांनाच शिव्या दिल्या.

माझ्यावर किती वेळा टाकला, त्याला गणतीच नाही. मी तेव्हा बाविशीत होतो. कॉलेज अर्धवट सोडून वस्तीत परतलो होतो आणि पत्रकं काढत होतो. जगातला प्रत्येक प्रश्न एका पानात, दोन्ही बाजूंनी छापून सुटतो असं मला वाटत असे. मामा मला 'पत्रकवाले भाचे' म्हणत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझं पत्रक हातात घेऊन ते वर-खाली नीट बघत आणि विचारत, "यात लोक टाळ्या कुठं वाजवतेत?" मी सांगे की हे टाळ्यांसाठी नाही, पेटून उठण्यासाठी आहे. ते मान हलवत. "तेला बी जागा लागती. बराबर जागंवर पडदा पडला तर मानूस पेटतंय. जागा हुकली की खोकतंय."

ही विद्या त्यांनी जालन्यात कमावली होती. तरुणपणी, धर्मांतराच्या आधी, कपाशीच्या हंगामात तिथं एक नाटक कंपनी पत्र्याचं थिएटर उभारून मुक्काम करी. तीन हंगाम मामा त्या कंपनीत पडदा ओढायला होते. आमच्या माणसाला कंपनीत घेतलंच कसं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, पडदा जड होता आणि ओढणारा मिळत नव्हता. दोराला विटाळ नव्हता. पाण्याच्या हंड्याला होता.

त्या तीन हंगामांत कंपनीनं एकच नाटक जास्त करून चालवलं. 'बहिरा जावई' त्याचं नाव. एक जावई सासरची माणसं आपल्यामागं काय बोलतात ते ऐकण्यासाठी बहिरेपणाचं सोंग घेतो, एवढीच गोष्ट. गावोगावी हे नाटक लोकांना पाठ होतं. मामांना ते जास्तच पाठ होतं. सासूचा आवाज, सासऱ्याचा खाकरा, जावयाचं 'काय म्हणालात?', सगळं ते एकट्यानं करून दाखवत. फक्त भिंतीकडे तोंड करून. कारण दोराची जागा विंगेच्या मागं, आत वळून होती. तिथून रंगमंच दिसत नसे. घंटी वाजली की खेचायचं. मामांनी अख्खं नाटक तीन वर्षं कानानं पाहिलं होतं.

आणि तिसऱ्या अंकात एक भोक होतं.

वस्तीत नाटक करून दाखवताना मामा तिथं आले की गप्प होत. हात वर, मुठीत दोर. मग खालच्या आवाजात सांगत, "आता कुनीच बोलून न्हाई राह्यलं. रामागडी एकला हाय. लोक हसून राह्यले... अजून हसून राह्यले..." ऐकणारे ताटकळत. मामांच्या कपाळावर घाम येई. "आता लईच हसले. पडला." आणि तिसरा अंक संपे.

लोक कशाला हसले, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "ते म्या न्हाई पाह्यलं."

मला त्या माणसाची कीव यायची, आणि थोडा रागही. नाटक बघणाऱ्यांच्या हसण्याचं ओझं हा माणूस अजून वाहतोय, असं मी एका पत्रकात लिहायच्या बेतात होतो. त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको गयाबाई काविळीनं गेली होती, मूल नव्हतं. गावाबाहेरच्या एका जिनिंगवर ते राखणदार होते. दुष्काळ पडला, कापूसच आला नाही, आणि मामा रिकाम्या शेडची राखण करू लागले.

त्या वर्षी सगळा तालुका खडी फोडत होता. घनसावंगीच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं. नवरा-बायको शेजारी शेजारी बसून दगड फोडायचे, आणि बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. त्या कामावर दोन रांजण होते. एकात तांब्या होता. ज्याला तहान लागेल त्यानं बुडवावा, प्यावा. दुसरा आमच्या लोकांसाठी. त्याला हात लावायचा नाही, एक माणूस वरून पाणी सोडणार, आपण ओंजळ धरायची. कायद्यानं अस्पृश्यता जाऊन किती वर्षं झाली होती, आणि इथं कायदा टँकरच्या मागं उभा राहून धूळ खात होता. मी पत्रक काढलं. मुकादमानं त्यात भजी खाल्ली.

मग बातमी आली की मजुरांच्या करमणुकीसाठी प्रसिद्धी खात्याची गाडी येणार आहे. बाजाराच्या दिवशी, दुपारी, जिनिंगच्या शेडमध्ये खिडक्यांना गोणपाट लावून फिल्म दाखवणार. फिल्म कसली, तर नाटकाची. त्याच कंपनीतली जुनी मंडळी पुन्हा जमवून, थिएटरात कॅमेरा ठेवून, पडद्यापासून पडद्यापर्यंत उतरवलेलं 'बहिरा जावई'.

माझं डोकं फिरलं. माणसं रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन दगड फोडतायत, ओंजळीनं पाणी पितायत, आणि त्यांना विनोदी नाटक. आम्ही दहा-बारा पोरं जमलो आणि ठरवलं की फिल्म सुरू झाली की उठायचं, घोषणा द्यायच्या, फिल्मसाठी टांगलेली चादर फाडायची. रांजणाचा निकाल लागल्याशिवाय कुणी हसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात. त्यांना सगळं कळलं होतं. गावात आमच्या गुप्त बैठका सगळ्यांना कळत.

ते उंबऱ्यावर टेकले. म्हणाले, "भाचे, क्रांती तिसऱ्या अंकानंतर केली तर चालंल का?"

मी म्हणालो, क्रांती म्हणजे काय एसटी आहे का, थांब्यावर थांबवायला. ते म्हणाले की एसटी तर थांब्यावरही थांबत नाही, तुम्ही तेवढं थांबा. मी त्यांना अर्धा तास समजावलं. शोषणाची सगळी पायरी-पायरीनं मांडणी केली. त्यांनी एकदाही हात वर केले नाहीत. हेच मला खटकलं. माझं संपल्यावर ते जमिनीकडे बघत बोलले.

त्या मुक्या जागेला रामागड्याचं काम करणारा नट त्यांच्याकडून पटका आणि घोंगडी मागून घेई. रोज. त्यांच्याच डोक्यावरचा पटका. विटाळ त्या वेळी आड येत नसे, कारण लोकांना खरा पटका हवा असतो, असं तो म्हणे. मामा उघड्या डोक्यानं दोर धरून उभे राहत. पटका बाहेर जाई आणि थिएटर कोसळल्यासारखं हसे. परत देताना नट म्हणे, "भाग्या, तुझ्या पटक्याला काय हसू येतं रे." गयाबाई तिथल्या वस्तीतल्या बायांबरोबर थिएटरच्या बाहेर, पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी असे. तिचं हसू मामांना आतून वेगळं ओळखू येई. सगळ्यांचं संपलं तरी तिचं राही. घरी जाताना मामा विचारत, काय होतं. ती सांगत नसे. नुसती हसे, आणि हसता हसता गप्प होई. काही दिवसांनी मामांनी विचारणं सोडलं.

"का सोडलं?"

"पटका माझा, घोंगडी माझी. मंग मानूस बी मीच न्हाई का? लोकं हसली त्याचं न्हाई. लोकं हसतेतच. पर गया मला हसत व्हती का, येवढंच बघायचंय. ती तर गेली. आता ती फिल्मच सांगंल."

मी पोरांना निरोप दिला, माझ्या खुणेशिवाय कुणी उठायचं नाही. त्यांनी मला नाही नाही ते ऐकवलं.

बाजाराच्या दिवशी शेड भरलं. दाराशी तेच दोन रांजण आणून ठेवले होते, तोच पाणी वाढणारा, तोच मुकादम. आमची माणसं दाराच्या बाजूला बसली. मामांनी धुतलेला पटका बांधला होता. गाडीचा जनरेटर धडधडू लागला, चादरीवर थिएटरचा मखमली पडदा दिसला आणि तो वर गेला. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "कच्चा हात हाय. डावीकडनं वढलाय."

पहिले दोन अंक ते लहान मुलासारखे बघत होते. सासरा आला तसे म्हणाले, "हा आत विंगेत तंबाकू मळीत आईबहिनीवरून बोलायचा. बाहेर येवढा सज्जन दिसतो व्हय?" सासूचं काम करणारी बाई रडली तेव्हा ते चकित झाले. तिच्या रडण्याचा आवाज ते वीस वर्षं खोकला समजत होते. नट बोलायच्या आधी हे बोलत, म्हणून मागचे लोक ओरडले. मी गुडघ्यावर मूठ आवळून बसलो होतो. आजूबाजूला खडी फोडणारे लोक हसत होते आणि मला त्यांचा राग येत होता.

तिसरा अंक आला. सगळे आत गेले. रामागडी एकटा उरला. नट आता म्हातारा झाला होता, पण पटका तसाच बांधलेला, घोंगडी तशीच खांद्यावर. मामांनी माझं मनगट धरलं.

रामागड्यानं खुर्चीभोवती एक फेरी मारली. घोंगडीच्या टोकानं खुर्ची झटकली. खुर्चीला रामराम केला. मग खुर्चीच्या कडेवर टेकला, लगेच उठला, दाराकडे पाहिलं, पुन्हा टेकला. हळूहळू मागं रेलला. पायावर पाय टाकला आणि वरचं पाऊल हलवू लागला. मग चुटकी वाजवली. गडी काही येईना. गडी तर तोच. तो उठला, पळत दाराशी गेला, तिथं वाकून 'जी' केलं, पळत खुर्चीत येऊन बसला, आणि बोटानं हुकूम केला, पाणी. पुन्हा उठला, पळाला.

शेड हसत होतं. मीही हसत होतो. कधी सुरुवात झाली ते मला कळलं नाही. मूठ सुटली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग रामागडी रिकाम्या हातात तांब्या धरल्यासारखा आला, खुर्चीत मालक होऊन बसला, तांब्या ओठाशी नेला, आणि थबकला. इकडे तिकडे पाहिलं. हळूच खुर्चीवरून घसरून खाली उकिडवा बसला. दोन्ही हातांची ओंजळ केली. तोंड वर केलं आणि वरून कुणी पाणी सोडतंय तसा घटाघट पिऊ लागला.

फिल्ममधलं थिएटर कोसळलं. शेडही कोसळलं. मुकादम मांडी थोपटत होता. माझं हसू थांबलं, पण हसून झालेलं हसू परत घेता येत नाही.

चादरीवर पडदा पडला. पोरं माझ्याकडे बघत होती. मी उठलो. 'बंधूंनो' म्हणायला तोंड उघडलं.

मामा माझ्या आधी उठले होते. ते बसलेल्या लोकांतून वाट काढत दाराकडे गेले. मला वाटलं, रडायला बाहेर चाललेत. ते पहिल्या रांजणाशी थांबले, तांब्या बुडवला, आणि तोंड लावून पाणी प्यायले. घाई केली नाही. वाढणारा नुसता बघत राहिला. पिऊन झाल्यावर त्यांनी तांब्या होता तिथं ठेवला आणि पटक्याच्या टोकानं मिशा पुसल्या.

मुकादम धावत आला. त्यानं मामांना हात लावला नाही, तेही त्याला जमणारं नव्हतं. त्यानं रांजण धरला आणि कलंडून दिला.

त्या वर्षी पाणी बारा कोसांवरून टँकरनं येत होतं. भरलेला रांजण होता. पाणी उंबऱ्यावरून पसरत बाहेरच्या धुळीत गेलं आणि धूळ ते पिऊन पुन्हा धूळ झाली. तोपर्यंत सगळे उठून आले होते. कुणी हसत नव्हतं. चिंध्या बांधलेल्या हाताची एक म्हातारी, आमच्यातली नव्हती ती, मुकादमाला म्हणाली, "अरं, पानी व्हतं ते."

मग पोरांनी घोषणा दिल्या. मीही दिल्या. गाडीवाल्यानं चादर गुंडाळली. संध्याकाळच्या आत जिनिंगच्या मालकानं मामांकडून शेडची चावी मागून घेतली. रांजण मात्र पुढच्या आठवड्यातही दोनच होते. हे मी पत्रकात लिहिलं. मामांबद्दल 'एका वृद्ध बांधवाने' असं लिहिलं होतं. मी वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, वृद्ध कोण, ते काढा.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी परत येतानाचं. चावी देऊन आम्ही दोघं रस्त्यानं चाललो होतो. मी माझ्या हसण्याबद्दल काहीतरी बोलायला पाहत होतो. मामाच मध्येच म्हणाले, "भाचे, ते ओंजळीचं त्यानं पदरचं घातलंय."

मी विचारलं, म्हणजे?

"बाकी समदं माझं हाय. दुपारी कंपनी झोपायची. मी स्टेज झाडायचो अन् मंग खुर्चीत बसायचो. पाय बी असाच हलवायचो. चोरून पाह्यलं असंल त्यानं." त्यांनी रस्त्यातला एक खडा पायानं बाजूला सारला. "पर समदं न्हाई पाह्यलं. गया भाकर घेऊन यायची. मी चुटकी वाजवली की ती कंपनीच्या हंड्यातला तांब्या भरून आनायची. म्हनायची, घ्या सरकार. मी खुर्चीत बसून, तोंड लावून प्यायचो. मंग ती बसायची खुर्चीत. मी आनून द्यायचो."

मी थांबलो.

"आमचा उष्टा तांब्या पुन्ना हंड्यात जायचा. तीन वर्सं समदी कंपनी ते पानी पेली. तो नट बी पेला. अन् रातच्याला तो लोकांला ओंजळ करून दावतोय." मामांचा आवाज फाटला. "गया फटीतनं हेच बघत व्हती. मला सांगितलं असतं तर मी त्याला पटका दिला नसता. मंग कंपनीतनं हाकललं असतं. म्हनून न्हाई सांगितलं तिनं. ती मला हसतच न्हवती, भाचे. ती त्यांला हसत व्हती."

आणि मामा हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रस्त्याच्या मधोमध, पोट धरून, डोळे मिटून ते हसत राहिले. पटका सुटून खांद्यावर आला. हसता हसता माणूस शेजारच्याकडे बघतो, त्यालाही हसू येतंय का म्हणून. मामांनी तसं वळून पाहिलं.

तिथं गया नव्हती, मी होतो.